गाडी टायर का खाते?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, की प्रत्येकाने 'माझा जीवनप्रवास' या विषयावर पंधरा-वीस मिनिटं बोलायचं आहे. मी म्हटलं, माझा प्रवास शाळेपासून शिरोलीच्या एमआयडीसीपर्यंत. तो फार तर दहा किलोमीटरचा. त्यात वीस मिनिटं कशी निघणार? त्यापेक्षा प्रवास ज्यावर होतो त्या चाकांबद्दल बोलतो. गेली बावीस वर्षं मी तेच बघतोय. आणि आज सकाळी नाश्त्याच्या रांगेत पाच जणांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "अरे, माझी गाडी टायर खातेय, बघ की जरा." तेव्हा विषय तुम्हीच दिलाय असं समजा.

सुरुवात भूमितीपासून करतो, कारण बाई समोर बसल्या आहेत. बाई, आठवीत तुम्ही सांगितलं होतंत, की अंशाचे साठ भाग केले की मिनिट होतं. वर्गात तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला होता, की याचा उपयोग काय. माझं पोट त्या मिनिटांवर चालतं, बाई. अलाइनमेंटच्या मशिनवर कोन दोन तऱ्हांनी येतो. काही मशिनं दशांशात दाखवतात, काही अंश-मिनिटांत. 0.10 अंश म्हणजे 6 मिनिटं, 10 मिनिटं नव्हेत. ही गफलत मी चांगल्या चांगल्या दुकानांच्या कागदांवर पाहिली आहे.

चाकाचे कोन तीन. ते समजायला आपल्याला तालमीत जावं लागेल. खडाखडीला उभा राहिलेला पैलवान आठवा. पाय फाकवलेले, वर मांड्या जवळ, खाली पावलं लांब. समोरून बघितलं तर पाय आत कलल्यासारखे दिसतात. गाडीचं चाक तसं असलं, म्हणजे वरचं टोक आत आणि खालचं बाहेर, तर त्याला ऋण कॅम्बर म्हणतात. उलट असेल तर धन कॅम्बर. आता त्याच पैलवानाच्या पावलांची टोकं बघा. ती एकमेकांकडे वळली असतील तर टो-इन, बाहेर वळली असतील तर टो-आउट. तिसरा कोन कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे रेललेला असतो, तसा. हात सोडून सायकल सरळ चालते त्यात त्या रेलण्याचा मोठा वाटा असतो, आणि वळण संपल्यावर गाडीचं स्टिअरिंग आपसूक परत येतं तेही त्यामुळेच. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर बदलायची सोयच नसते, म्हणून त्याला इथेच नमस्कार करतो.

कोणता कोन टायर खातो? लोक कॅम्बरला दोष देतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण खरा खादाड टो आहे. तो दिसत नाही. हिशोब सोपा आहे. चाक सरळ जाण्याच्या दिशेपासून 0.1 अंशाने वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते पावणेदोन मीटर आडवं ओढलं जातं. टायर रबराचा असतो, थोडं तो वाकून सोसतो, सगळंच घासत नाही. पण दिशा कळली. 20 मिनिटांचा टो असेल तर हाच आकडा दर किलोमीटरला जवळजवळ सहा मीटर होतो. चाक गोल फिरतंय असं आपल्याला वाटतं, आणि ते खोडरबरासारखं आडवं घासत असतं.

कॅम्बरचं तसं नाही. कललेलं चाक सरळ रस्त्यावर आतल्या कडेवर जरा जास्त भार देतं, इतकंच. दीड-पावणेदोन अंश ऋण कॅम्बर असेल आणि टो शून्याजवळ असेल, तर आतली कड थोडी लवकर झिजेल. टायर अदलाबदल करत राहिलं तर कळणारही नाही. कॅम्बर आणि टो-आउट दोन्ही एकत्र आले, की मात्र आतली कड दुहेरी मार खाते. एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने घासायचं.

हे मी एका गाडीवरून सांगतो. गाडी आपल्याच वर्गातल्या एकाच्या मुलाची आहे. नाव घेत नाही, कारण बाप तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ताच मान खाली घातली त्याने.

मुलगा इंजिनिअर, गाडी मारुती स्विफ्ट, आणि नाद ट्रॅकवर गाडी चालवायचा. ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टईला आहे तो. तो होण्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. आताचा ट्रॅक 3.717 किलोमीटरचा, 12 वळणांचा. हौशी लोकांना तिथे पैसे भरून, हेल्मेट घालून, देखरेखीखाली आपली गाडी पळवता येते. ज्यांना हे वेडेपण वाटतं त्यांना एवढंच सांगतो, की हाच वेग पोरं नाहीतर महामार्गावर करून बघतात. मात्र एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही. तिथलं नुकसान आपल्या खिशातून.

तर पहिल्यांदा हा मुलगा गेला तेव्हा गाडी कंपनीच्या मापात होती. मशिनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे. परत आला तेव्हा पुढच्या दोन्ही टायरांचे बाहेरचे खांदे गेलेले, डावीकडचा जास्त. का, ते सांगतो. जोरात वळण घेताना गाडीचं अंग बाहेर झुकतं. एसटी वळणावर झुकते तशीच, फक्त कमी. अंगाबरोबर बाहेरचं चाकही झुकतं. या गाड्यांच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या रचनेत ते झुकणं भरून काढायची ताकद थोडीच असते. उभ्या गाडीत चाक सरळ होतं, ते भर वळणात दोन-तीन अंश बाहेर कललं. मग तळहाताएवढा जो टायरचा तुकडा रस्त्याला टेकायचा, त्यातला बाहेरचा अर्धाच काम करतो. तोच तापतो, तोच फाटतो. आणि तो ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, म्हणून सगळा भार डाव्या बाजूला.

इथे उपाय ऋण कॅम्बरच. उभ्या गाडीत चाक आधीच आत कललेलं ठेवायचं, म्हणजे वळणात अंग झुकलं की ते रस्त्यावर सपाट बसतं. पैलवान पाय फाकवून उभा राहतो तो धक्का आडवा येणार म्हणून. नुसतं उभं राहायचं असतं तर तो आपल्यासारखाच राहिला असता.

मुलाने हे कुठेतरी वाचलं आणि एका दुकानात जाऊन करून घेतलं. दुकानाचं नाव सांगायचं कारण नाही. तिथे त्यांनी कॅम्बर बोल्ट बसवले. हे बोल्ट म्हणजे स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी घालायचा, मधे थोडा बारीक आणि विकेंद्री असलेला बोल्ट. फिरवला की चाक एक-दीड अंश आत-बाहेर कलतं. काही गाड्यांत स्ट्रट नकलच्या कवळीत बसवलेला असतो, तिथे हे चालत नाही. वरच्या बाजूला कॅम्बर प्लेट लावावी लागते. स्विफ्टला बोल्ट चालतो. कॅम्बर झाला ऋण 1 अंश 45 मिनिटं. काम चांगलं होतं, मी नावं ठेवणार नाही. पण मुलाच्या वाचनात असंही आलं होतं, की ट्रॅकच्या गाडीला पुढे टो-आउट हवा, त्याने गाडी वळणात चटकन शिरते. तेही खरं आहे. म्हणून त्याने प्रत्येक चाकाला 20 मिनिटं टो-आउट मागितला, आणि त्यांनी दिला.

आता गणित करा. चेन्नईला जाऊन येऊन दोन हजार किलोमीटर. ट्रॅकवर 27 फेऱ्या मारल्या तरी शंभर किलोमीटर. म्हणजे शंभर किलोमीटरच्या मौजेसाठी लावलेला टो, दोन हजार किलोमीटर सरळ रस्त्याने टायर घासत गेला. आल्यावरही तो तसाच राहिला आणि कोल्हापुरात, कागलला, सांगलीला आणखी तीन हजार किलोमीटर झाले. पाच हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक पुढचं चाक 29 किलोमीटर आडवं ओढलं गेलं. इथून कागल एवढं दूर नाही.

जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आपला हा मित्र ती गाडी घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी घरची सगळी गणपतीपुळ्याला निघाली होती, आंबा घाटातून. त्याची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला होती. म्हणाला, "फक्त हवा बघ. टायर तर नवेच दिसतात."

दिसत होतेच नवे. उभ्या गाडीत आपल्याला टायरची बाहेरची कड आणि फार तर मधला भाग दिसतो. मी गाडी लिफ्टवर घेतली, चाकाच्या आत हात घातला आणि हात मागे घेतला. तार टोचली. दोन्ही पुढच्या टायरांची आतली कड सगळीकडून गेली होती, आतला पोलादी पट्टा उघडा पडला होता. ज्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली तो कायद्याने बाद. इथे मिलिमीटरची गोष्टच नव्हती. जुलै महिना, आंबा घाट, मागे आई, बायको आणि दोन पोरी. मी त्याला खाली वाकवून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "याचं सगळं पहिल्यासारखं करून टाक. हिरव्यात आण. आणि हा नाद आता बंद."

मुलगाही तेवढ्यात आला. तो बापाला काही म्हणाला नाही, मला म्हणाला, "काका, कॅम्बर काढू नका. नाहीतर परत बाहेरून जातील."

दोघंही माझ्याकडे बघत उभे. वर्गमित्र एकीकडे आणि बरोबर बोलणारं पोरगं दुसरीकडे. मुलगा कॅम्बरबद्दल बरोबर होता. बाप भीतीबद्दल बरोबर होता. चुकीचा होता तो फक्त टो, आणि त्याचं नावच कोणी घेत नव्हतं.

त्या हिरव्या रंगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यावर फार विश्वास आहे. पडद्यावरचा हिरवा म्हणजे गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या हद्दीत आकडा आहे, एवढंच. ही हद्द त्यांनी सगळ्यांसाठी आखलेली असते. एकटा चालवणारा, पाच जण बसवून डिकी भरणारा, सगळे तिच्यात. हद्द रुंद असते. डावं चाक हद्दीच्या एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला, तरी दोन्ही हिरवे, आणि गाडी मात्र एका बाजूला जाते. उलट, कोणी विचारपूर्वक गाडी ट्रॅकसाठी लावली तर पडदा लाल होतो आणि मशिनवरचा मुलगा घाबरून तो हिरवा करून देतो. रंग बघू नका, कागदावरचे आकडे बघा. डावं-उजवं जुळतंय का, पुढचा टो किती, मागचा किती. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. कागद देत नसेल तर पैसे देऊ नका.

आणि गाडी डावीकडे ओढते म्हणून लगेच अलाइनमेंटला धावू नका. पाणी वाहून जावं म्हणून आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो. आपण डावीकडून चालतो, तेव्हा गाडी थोडी डावीकडे जाणारच. आधी हवा सारखी आहे का बघा, मग पुढचे दोन टायर आपसांत बदला. ओढ बदलली तर दोष टायरचा, कोनाचा नव्हे.

परत त्या शुक्रवारी. सगळ्यात आधी दोन टायर नवे घेतले. आणि नवे मागे लावले, मागचे पुढे आणले. यावर मित्राने माझ्याशी वाद घातला. सगळेच घालतात. ओढणारी चाकं पुढची, स्टिअरिंग पुढचं, मग नवे टायर मागे का? ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटात ते सावरायला ना जागा असते ना वेळ. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे. माझं हे एक वाक्य घरी जाऊन लिहून ठेवा.

मग बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचे एंड हलवून बघितले. एंड ढिला असेल तर अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी काढणं. हवा भरली. चालकाच्या जागी मुलालाच बसवलं, कारण माणूस बसला की गाडी खाली बसते आणि कोन बदलतात. आधी मागची चाकं मोजली. या गाड्यांत मागे बीम असतो, तिथे फिरवायला नट नसतो, पण मोजायचं. मागची चाकं जिकडे ढकलतात तीच गाडीची खरी दिशा. तिथे थोडा टो-इन होता, तो हवाच. मागे टो-आउट असलेली गाडी मी घाटात पाठवणार नाही, मालक कितीही मोठा असो. मग पुढचा कॅम्बर. तो तसाच ठेवला, फक्त डावं-उजवं जुळवलं, बोल्ट ठरल्या ताकदीने आवळले आणि रंगाची रेघ मारली. खड्ड्यात चाक आपटलं की हा बोल्ट कधी कधी सरकतो. रेघ तुटलेली दिसली की समजायचं. आणि सगळ्यात शेवटी टो. हा क्रम चुकवायचा नाही, कारण कॅम्बर बदलला की टो बदलतोच. टाय रॉड चाकाच्या मधाच्या पुढे आहे की मागे यावर तो आत जाणार की बाहेर हे ठरतं, पण जागेवर राहत नाही. पुढचा टो शून्य केला. रात्री साडेनऊ वाजले. सकाळी ती मंडळी गणपतीपुळ्याला गेली आणि दोन दिवसांनी परत आली.

आता ट्रॅकचा प्रश्न उरला. मुलगा म्हणाला, शून्य टोवर गाडी वळणात सुस्त वाटते. मी म्हटलं, मग तिथे जाऊन फिरव, आणि निघताना परत फिरव. टाय रॉडच्या आट्यांची पिच दीड मिलिमीटर आणि नकलचा आर्म तेरा सेंटिमीटर धरला, तर पाव फेऱ्याला साधारण 10 मिनिटं टो बदलतो. दोन्ही बाजूंना पाव-पाव फेरा, रॉडवर खडूची खूण, दोन पाने, दहा मिनिटांचं काम. प्रत्येक चाकाला 10 मिनिटं पुरतात. 20 ची हौस कशाला?

हे तपासायला महागडं मशिन लागतं असंही नाही. सपाट फरशी, दोन दोऱ्या, एक पोलादी पट्टी आणि गवंड्याचा ओळंबा. गाडीच्या दोन्ही अंगांना चाकांच्या मधल्या उंचीवर दोऱ्या ताणायच्या, एकमेकींना आणि गाडीला समांतर. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी किती आणि मागच्या कडेपासून किती, ते मोजायचं. 40 सेंटिमीटरच्या रिमवर सव्वा मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ 10 मिनिटं. कॅम्बरसाठी ओळंबा चाकासमोर सोडायचा, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून अंतर मोजायचं. 7 मिलिमीटर म्हणजे एक अंश. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरशा ठेवायच्या, मधे ग्रीस, म्हणजे चाक अडकून खोटं माप देत नाही. बाई, स्पर्शज्या म्हणजे टॅन जिवंतपणी पाहायचा असेल तर माझ्याकडे या.

डिसेंबरात मुलगा परत चेन्नईला निघाला. या खेपेला मीही गेलो. आणि आयत्या वेळी बापही गाडीत येऊन बसला. म्हणाला, "मला त्या ट्रॅकवर काही बघायचं नाही, मी बाहेर बसणार."

ट्रॅकवरून गाडी पिटमध्ये आली की लगेच टायरचं तापमान घ्यायचं असतं. सुईसारखं टोक असलेला पायरोमीटर मिळतो, तो रबरात किंचित टोचायचा. आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला, अशा तीन जागी. नुसत्या प्रकाशाच्या बंदुकीने वरचं कातडं कळतं, आतला ताप कळत नाही. कोन बरोबर आहे का हे मशिनपेक्षा हे तीन आकडे जास्त खरं सांगतात. बाहेरची कड जास्त तापली तर ऋण कॅम्बर कमी पडतोय. आतली फारच जास्त तापली तर तो जास्त झालाय. आतली चार-पाच अंश जास्त असणं ठीक, कारण सरळ पट्टीवर ती कड टेकलेली असते. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा जास्त तापला तर हवा जास्त आहे.

आकडे लिहायला कोणीतरी हवं होतं. मी इकडेतिकडे बघितलं. शाळेत वर्गाचा मॉनिटर कोण होता ते तुम्हाला आठवत असेल. त्याने खिशातून पेन काढलं, माझी वही घेतली, रकाने आखले, डावा पुढचा, उजवा पुढचा, आणि दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा त्याच अक्षरात आकडे लिहायला लागला. पहिल्या खेपेला डावा पुढचा: आत 91, मधे 94, बाहेर 88. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मधला जास्त. हवा काढ." थंड असताना 32 भरलेली हवा तापून 39 झाली होती. 35 केली. पुढच्या खेपेला आत 90, मधे 86, बाहेर 87. तिसऱ्या खेपेच्या आधी तो पोरावरच ओरडला, की पिटमध्ये येताना शेवटची फेरी हळू मारू नकोस, टायर थंड होतात, माझे आकडे चुकतात. बाहेर बसणारा माणूस दिवसभर उन्हात वाकून होता.

संध्याकाळी निघताना टाय रॉड पाव फेरा परत फिरवले, खुणा जुळवल्या. आणि हवा परत भरली. ही गोष्ट बरेच जण विसरतात. ट्रॅकवर गरम टायरमधून काढलेली हवा टायर थंड झाल्यावर फार कमी भरते, आणि तशाच गाडीने लोक रात्रभर महामार्गाने येतात. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा बघायचा आणि थंड टायरला तो भरायचा.

कोल्हापुरात आल्यावर पुढच्या टायरांची नक्षी मोजली. जाताना सगळीकडे 5 मिलिमीटर होती. आता आत 4.1, मधे 4.3, बाहेर 4.1. मॉनिटरने तेही लिहिलं, खाली तारीख टाकली आणि सही केली.

नाश्त्याच्या वेळी ज्या पाच जणांनी विचारलं, त्यांना आता पार्किंगमध्ये भेटतो. तोपर्यंत एक काम करा. आपापल्या गाडीजवळ जा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसेल. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. हात जपून फिरवा. तार लागली तर गाडी इथेच राहू द्या, घरी सोडायला मी येतो.